उशिरा उतरणारा काटा

प्रिय बाळ,

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: थंडखोलीतला प्राणवायूचा मापक जी घट दाखवतो ती खोलीतल्या हवेत होत नसून मापकाच्या पोटात होते, आणि म्हणून परवा कॅमेऱ्यात नायट्रोजन भरायला खाली उतरण्यात धोका नाही. विधान आधी, पुरावे नंतर, आक्षेपांचा विचार शेवटी, हा क्रम तुला लहानपणापासून ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेल्या शास्त्रज्ञेला ‘बाळ’ म्हणणे तर्काला धरून नाही, हे मी मान्य करतो. ते सवयीला धरून आहे.

तुझे पत्र गाडीवाल्याने काल दुपारी आणून दिले. तू रागावली आहेस हे अक्षरावरून कळले नाही, लांबीवरून कळले. एरवी तू मला पाच-सहा पाने लिहितेस. ‘तुम्ही सही केलीच आहे, तर मी दुसऱ्या कुणाला खाली पाठवणार नाही, पानाकाकांनाही नाही. भरणी मी एकटी करीन,’ हे त्यातले शेवटचे वाक्य. इतकी वर्षे तिथली यंत्रे सांभाळणाऱ्या पानाकाकांनाही नाही, म्हणजे कुणालाच नाही. मी ते आईला वाचून दाखवले आणि म्हणालो की ही धमकी आहे. आई म्हणाली, “धमकी कसली? तुम्ही तिला दुसरा रस्ता ठेवलाय का?” तिचे म्हणणे मी इथे नोंदवतो, त्याचा विचार पुढे येईलच.

प्रथम वस्तुस्थिती, म्हणजे आपले मतभेद कशावर नाहीत ते स्पष्ट होईल. उष्णतेचा उजेड टिपणारा कॅमेरा स्वतःच उबदार असेल तर तो स्वतःच्याच अंगाच्या उजेडाने आंधळा होतो. म्हणून त्याला द्रवरूप नायट्रोजनने गोठवून ठेवावे लागते. हे काम घुमटाखालच्या खोलीत होते. तिला खिडकी नाही, दार एकच. पात्रात ओतलेला नायट्रोजन उकळत राहतो आणि त्याचा वायू होतो. त्या वायूला रंग नाही, वास नाही, तो विषारीही नाही; तो केवळ हवेची जागा घेतो. त्यासाठी भिंतीवर, छातीच्या उंचीला, प्राणवायूचा मापक बसवला आहे. काटा ठरावीक रेषेखाली गेला की भोंगा वाजतो. खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा निरीक्षणांच्या हंगामात आपण बंद ठेवतो, कारण त्याचा कोमट झोत घुमटासमोरून वर चढतो आणि दुर्बिणीतले तारे थरथरू लागतात. ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिच्यावर तूही कधी हरकत घेतलेली नाहीस. मागच्या महिन्यात भोंगा वाजला, तू काम थांबवलेस आणि कॅमेरा रिकामा, कोमट होऊ दिलास. संचालकांनी मला फोन केला. “सर, तुमच्याशिवाय तिला कुणाचंच पटत नाही. मत द्या दोन ओळींचं, सहीनिशी. पुढचं मी बघतो.” तू पाठवलेली निरीक्षणे माझ्यापाशी होतीच. मी ती तपासली आणि मत दिले: खोली सुरक्षित आहे.

आता पुरावे. पहिला पुरावा नियमिततेचा आहे. आकाशातला एखादा तारा मंद दिसतो तो लांब आहे म्हणून, की मुळातच किरकोळ आहे म्हणून, हे नुसते पाहून कळायला मार्ग नसतो. स्पंदणारे तारे तेवढे याला अपवाद. ते फुगतात, आकसतात, आणि त्या लयीत उजळतात, मंदावतात. लय जितकी संथ, तितका तारा मुळात तेजस्वी. लय मोजली की मूळ तेज कळते आणि मूळ तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. या एका नियमावर मी उभा जन्म काढला, आणि त्यातून एक गोष्ट अंगात मुरली: जे नियमाने बदलते त्याला भिऊ नये, भ्यावे ते नियम मोडणाऱ्याला. तुझा मापक नियमाने बदलतो. प्रत्येक भरणीनंतर काटा उतरतो आणि पुन्हा वर येतो. ताऱ्यांची निरीक्षणे मांडतो तशी मी ती सगळी भरणीच्या आवर्तकालावर एकावर एक ठेवली, तेव्हा इतकी सुबक वक्ररेषा उमटली की मी ती आईलाही दाखवली. गळती किंवा बिघाड इतका सुबक नसतो.

दुसरा पुरावा थंडीचा. मापकातला घटक गारठला की कमी दाखवतो, हे बनवणाऱ्यांनीच त्यासोबतच्या कागदात लिहिले आहे. भरणी सुरू झाली की शेजारची तापमापी उतरते. पाठोपाठ मापक उतरतो. तिसरा पुरावा उताराचा. प्रत्येक भरणीला काट्याचा तळ मागच्या तळापेक्षा किंचित खाली जातो. याचे कारण घटकाचे वय. जुना घटक थकतो. मी स्वतः त्याचे उदाहरण आहे. थंडीची दुरुस्ती आणि वयाची दुरुस्ती वजा केल्यावर माझ्या कागदावर जी रेषा उरली ती ओट्याच्या कडेसारखी सपाट आहे. भोंगा वाजण्याजोगे त्यात काही नाही.

आता तुझे आक्षेप. तुला खाली डोके दुखते. एवढ्या उंचीवर डोके कुणाचे दुखत नाही? खालच्या झडपेशी वाकले असताना पानाकाकांचे गुडघे गेले आणि ते दहा मिनिटे दाराबाहेर बसून राहिले. त्यावर त्यांचेच भाष्य तू लिहिले आहेस: “ताई, माझ्या आधी गुडघ्यांनी रिटायरमेंट घेतली.” निवृत्तीला टेकलेल्या माणसाच्या गुडघ्यांना मी पुरावा मानत नाही. तिसरा आक्षेप लायटरचा. गोठलेला बोल्ट सोडवायला त्यांनी लायटर काढला. जमिनीजवळ तो पेटेना आणि उभे राहिल्यावर पेटला. जमिनीजवळ झडपेतून गार झोत येत असतो, त्याने ज्योत विझते. चौथी गोष्ट तू आक्षेप म्हणून मांडलेली नाहीस, जाता जाता लिहिली आहेस: भरणीच्या वेळी पाना हातातून पडला आणि तुम्हा दोघांनाही हसू आवरेना. विनोद काय होता ते वर आल्यावर तुला आठवले नाही. त्याच दिवशीच्या निरीक्षणांत तू एकच आकडा ओळीने चार वेळा लिहिला आहेस. हा आळस तुला शोभत नाही आणि तो मला खटकला, हे स्पष्ट सांगतो.

हा भाग वाचताना आई मागे उभी होती. “ती हसली?” तिने विचारले. मी म्हणालो, त्यात काय एवढे. “स्वतःच्या लग्नात फोटोवाला ‘हसा’ म्हणून दमला, तरी तिनं दात दाखवले नाहीत. तुमचीच मुलगी ती. कारण नसताना हसेल ती?” मी तिला सांगितले की स्वभाव ही मोजता येण्याजोगी राशी नाही. ती भाजी निवडायला निघून गेली. उत्तर पटले म्हणून गेली असे मला वाटत नाही.

आता तू मांडलेला, पण वादात न बसणारा, एक मुद्दा. तू लिहितेस, ‘तुम्हाला तो आकडा हवा आहे.’ हे खरे आहे आणि ते लपवण्याचे मला कारण नाही. शेजारच्या दीर्घिकेचे अंतर मी दृश्य प्रकाशात काढले होते. इतरांनी ते चूक ठरवले: वाटेत किती धूळ आहे याचा माझा अंदाज कमी पडला, तारे धुळीने मंद दिसले आणि मी त्यांना लांब ढकलले, असे त्यांचे म्हणणे. पंचवीस वर्षे हा वाद लोंबकळतो आहे. अवरक्त प्रकाश, तोच उष्णतेचा उजेड, धुळीतून फारसा न अडता निघून येतो. तेच तारे तुझ्या कॅमेऱ्याने मोजले की प्रश्न मिटेल, मग तो माझ्या बाजूने मिटो किंवा विरुद्ध. कॅमेरा आता गोठवला नाही तर आकाशाचा तो पट्टा सूर्यामागे जाईल आणि पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागेल. पुढच्या हंगामाला मी असेन का, हा प्रश्न इथे अप्रस्तुत आहे. डॉक्टरांनी तो काढला म्हणून केवळ नोंदवतो.

तू असेही म्हणतेस की अवरक्ताचे मर्म मला कधी कळलेच नाही. मी ते धूळ पुसायचे फडके समजतो. हा आरोप मला लागला. म्हणून मला काय कळले आहे ते लिहितो, चूक असेल तर दाखव. स्पंदणाऱ्या ताऱ्यात दोन गोष्टी बदलत असतात, त्याचे तापमान आणि त्याचा आकार. दृश्य प्रकाशात तापमानाचाच गलबला एवढा असतो की आकाराचे बोलणे ऐकू येत नाही. तारा तापला की भसकन उजळतो. अवरक्तात तापमानाला फारसा आवाज नसतो. तिथे दिसते ते ताऱ्याचे खरे फुगणे आणि आकसणे. चढउतार लहान, पण भरवशाचा. म्हणून अंतरेही अधिक नेमकी. याची खूण अशी की दोन्ही प्रकाशांतली शिखरे एका वेळी येत नाहीत. तारा सर्वांत तप्त असतो तेव्हा तो सर्वांत मोठा नसतो. फुगणे मागून येते. त्यामुळे अवरक्तातले शिखर दृश्य शिखराच्या मागून, उशिरा येते. हा उशीर म्हणजे उपकरणाची त्रुटी नव्हे. आपण आता तापमान मोजत नसून खुद्द वस्तू मोजतो आहोत, याचा तो पुरावा आहे.

हे शेवटचे वाक्य लिहून मी पेनाला टोपण लावले. ते आता काढतो आहे; मध्ये संध्याकाळ झाली.

मापकाचा काटाही उशिरा उतरतो. ते मी पाहिले होते. तापमापी तळाला जाऊन परत निघते, जवळजवळ पूर्ववत होते, आणि मापकाचा तळ त्यानंतर येतो. मी त्याचे कारण असे दिले होते की घटकावर जाड वेष्टन आहे, तो सावकाश उबदार होतो. हे कारण वाईट नव्हते. परंतु एकाच उशिराची दोन कारणे संभवत असतील तर त्यांतले सोयीचे उचलण्याचा अधिकार मला नाही. उशीर वेष्टनामुळे आहे, की खोलीतला नायट्रोजन ओतणे थांबल्यावरही साठत राहतो म्हणून आहे? ताऱ्याबाबत हा प्रश्न मी दुसऱ्या रंगात पाहून सोडवला असता. मापकाबाबत कसा सोडवायचा? थंडी तेवढीच, पण खोली वेगळी, असे दिवस शोधून. वेष्टनाचा दोष असेल तर त्याला दार उघडे की बंद याच्याशी काही देणेघेणे असणार नाही.

असे दिवस होते. पानाकाका मोठे पात्र आत ढकलताना हत्यारांची पेटी दारात अडकवून ठेवायचे, आणि कोमट हवा वर जाते म्हणून तू त्यांच्यावर चिडायचीस. ‘दार उघडे’ असे तू त्या आकड्यांशेजारी लिहिले होतेस. वक्ररेषा काढताना ते सगळे बिंदू रेषेच्या वर, एका बाजूला पडले होते. मी त्यांवर बारीक फुली मारून ते वगळले होते. भरकटलेले बिंदू आपण नेहमीच वगळतो. ढग आला, आरसा हलला, वगळले. तासाभरापूर्वी मी ते पुन्हा आत घेतले. तापमापी त्या दिवसांतही तितकीच उतरली होती. मापक जेमतेम हलला होता.

त्याला दार कळत होते. म्हणजे तो हवाच मोजत होता.

एकदा हे मान्य केले की बाकीच्या गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि त्या बसताना पाहणे सुखाचे नाही. तळ दर भरणीला खाली जात होता, कारण हंगाम पुढे सरकेल तसे तुम्ही दार अधिक कसोशीने लावू लागलात. गार नायट्रोजन जड असतो, तो जमिनीवर पसरून राहतो. मापक छातीशी आहे आणि झडप घोट्याशी. तिथे किती प्राणवायू उरतो हे मापकाने कधी सांगितलेच नाही. लायटरने सांगितले होते. पानाकाकांचे गुडघे वयामुळे गेले नव्हते. आणि तू हसलीस. प्राणवायू कमी पडला की माणसाला गुदमरल्यासारखे होत नाही. बरे वाटते. धोका ओळखणारा भागच आधी मंदावतो, आणि एकच आकडा ओळीने लिहिताना आपण तेच लिहितो आहोत हे त्याला कळत नाही. तुला आळशी म्हटले ते मी परत घेतो.

याहून वाईट गोष्ट पुढची आहे. कॅमेरा आता कोमट आहे. गार पात्रात नायट्रोजन निवांत उतरतो. कोमट पात्रात तो पडता क्षणी उकळतो, आणि पात्र गार होईपर्यंत ओततच राहावे लागते. परवाची भरणी आजवरच्या कोणत्याही भरणीसारखी नसेल. दार बंद, पंखा बंद, खाली वाकलेली तू, आणि दाराबाहेर कुणी नाही, कारण माझ्या सहीमुळे तू कुणाला येऊ देणार नाहीस.

मी ताबडतोब फोन लावला. डोंगरावर फोन एकच, तो संचालकांच्या टेबलावर. सगळे ऐकून घेऊन संचालक म्हणाले, “सर, ऐनवेळी असं? तोंडी सांगितलेलं मी फायलीला काय लावू? वर नियामक मंडळाची माणसं येऊन बसलीत. तुमचं मत सहीनिशी आहे माझ्याकडे. मागे घ्यायचंय ना, तर तसंच घ्या. कारणं देऊन.” मी म्हणालो, निदान तिला निरोप दे. “सांगतो की, सर.” माझाच विद्यार्थी आहे. त्याला सोयीचे तेवढेच ऐकू येते, आणि मी त्याला पहिला वर्ग देत होतो तेव्हाही हे मला दिसत होते. थोड्या वेळाने पुन्हा लावला, तेव्हा फोन कुणी उचलला नाही.

म्हणून हा कागद त्याच्याकडे न पाठवता तुझ्याकडे पाठवतो आहे. गाडीवाला रात्री जेवायला इथेच आहे. आईने त्याला बसवून घेतले आहे आणि उजाडायच्या आत निघ म्हणून ती त्याच्या मागे लागली आहे. “बाई, डोंगर काही पळून जात नाही,” असे तो म्हणाला. तिने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्यानंतर त्याने दुसरी पोळी घेतली नाही. त्याला मी बजावले आहे की पत्र टपालाच्या पिशवीत टाकायचे नाही, तुझ्या हातात द्यायचे. तू खाली असलीस तर त्याने आत पाऊल टाकायचे नाही. दार सताड उघडायचे, पंखा सुरू करायचा, आणि बाहेरूनच हाका मारायच्या. आत कोणी पडलेले दिसले तरी पाठीवर हवेचे नळकांडे आणि तोंडावर मुखवटा असल्याशिवाय कुणी उडी घ्यायची नाही, पानाकाकांनी तर नाहीच. हे शब्द त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले. रस्ता धड असेल तर तो भरणीच्या आधी पोहोचेल. रस्त्याबद्दल माझ्याकडे निरीक्षणे नाहीत.

पत्राचा पहिला भाग मी फाडला नाही. तो चूक आहे, पण तर्क कुठे तुटला हे मंडळाला दिसले पाहिजे, आणि तुला दिसले पाहिजे की तुझे म्हणणे मी आधी ऐकले नव्हते, नुसते खोडले होते. तू मला मागितले होतेस ते इतकेच, की एकदा खाली येऊन उभे राहा. मी घरी बसून रेषा काढली. तारे त्यांच्या जागी राहतील. तो पट्टा सूर्यामागे जाईल आणि परत येईल, आणि तो आकडा माझ्या नंतर निघाला तरी तितकाच खरा असेल. भरणी करू नकोस. रागाने नाही, हट्टाने नाही, मला काही दाखवून देण्यासाठी तर अजिबात नाही.

यापुढचा मजकूर संचालकांच्या टेबलावर ठेव. पत्र पुरे केले ते यासाठीच. थंडखोली सुरक्षित असल्याचे माझे मत मी मागे घेत आहे. पंखा सुरू करून, दार उघडे ठेवून, मापक जमिनीजवळ बसवून नव्याने निरीक्षणे होईपर्यंत तिथे कोणीही उतरू नये. दार उघडे असलेल्या दिवसांची निरीक्षणे मी वगळली होती. ती सदोष नव्हती. ती माझ्या रेषेवर बसत नव्हती आणि मला ती रेषा हवी होती. ही माझी चूक आहे, तीत दुसऱ्या कुणाचाही वाटा नाही, आणि ती मी खाली सही करून मान्य करतो.

तुझाच,
बाबा